संगणकाची हजेरी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या व्याख्यानमालेत संतसाहित्य, नाट्यसंगीत आणि इतिहास यांच्या पंगतीला घरगुती संगणकाच्या बिघाडाचा विषय बसवलेला पाहून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. परंतु विषयाची निवड विचारपूर्वक केलेली आहे. पूर्वी गावच्या घरात माळ्यावर एक लाकडी पेटी असे. जुनी पत्रे, जन्मपत्रिका, जमिनीचे कागद, लग्नातली छायाचित्रे असे सारे काही त्या पेटीत सापडे. नोकरीधंद्याच्या निमित्ताने आपण एवढ्या दूर आलो, तेव्हा ती पेटी आपल्याबरोबर आली नाही. आज तिची जागा संगणकाने घेतली आहे. आजीच्या आवाजातल्या ओव्या, मुलांच्या मुंजीची छायाचित्रे, मंडळाच्या नाटकांच्या तालमी, इतकेच काय, या स्मरणिकेसाठी जमवलेला मजकूरसुद्धा कोणत्या ना कोणत्या सभासदाच्या संगणकातच साठवलेला आहे.

आणि मग एखाद्या सकाळी बटण दाबले की नेहमीचे चित्र उमटत नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीतली एक ओळ येते: अमुक वस्तू सापडत नाही. घरातल्या मंडळींच्या छातीत धस्स होते. कोणी बटण पुनःपुन्हा दाबतो, कोणी संगणक उचलून दुकानात नेतो, आणि दुकानदाराने ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे म्हटले की निमूटपणे मान डोलावतो. पेटी खरोखर रिकामी होते ती पुष्कळदा या क्षणी. मूळ बिघाडाने तिला धक्काही लावलेला नसतो.

म्हणून आजच्या विवेचनातली एकच गोष्ट आपण घरी न्यावी अशी माझी विनंती आहे. यंत्राला एखादी वस्तू न दिसणे म्हणजे ती वस्तू नष्ट होणे नव्हे. हजेरीच्या वेळी विद्यार्थ्याने ‘हजर’ म्हटले नाही, तर तो आजारी असेल, वाटेत अडकला असेल, किंवा मास्तरांच्या पटावर त्याचे नावच चुकले असेल. संगणकाच्या बाबतीतही असेच असते. गैरहजेरीचे कारण शोधण्याची एक शिस्त आहे, आणि ती कोणत्याही गृहस्थाला किंवा गृहिणीला आत्मसात करता येण्यासारखी आहे.

पहिल्या काही क्षणांत काय घडते?

बटण दाबल्यावर सर्वप्रथम जागा होतो तो वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला आपण एस.एम.पी.एस. म्हणतो. आपल्या घरातली २३० व्होल्टची वीज तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या सौम्य प्रवाहांत रूपांतरित करतो. हे प्रवाह स्थिर झाल्यावर, साधारणपणे दशांश ते अर्ध्या सेकंदाने, तो मदरबोर्डला ‘वीज ठीक आहे’ अशी खूण पाठवतो. ती खूण मिळेपर्यंत प्रोसेसर कामाला हात लावत नाही.

खूण मिळाली की प्रोसेसर एका ठरलेल्या पत्त्यावर जातो. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आय.बी.एम. कंपनीचा ‘पी.सी.’ बाजारात आला. त्याच्या प्रोसेसरला १० लाख ४८ हजार ५७६ पत्ते ठाऊक होते आणि त्यांतल्या शेवटून सोळाव्या पत्त्यावर त्याची पहिली आज्ञा लिहिलेली असे. ही आज्ञा ज्या कायमस्वरूपी लेखनाचा भाग होती, त्याला ‘बायोस’ म्हणतात. हा शब्द गॅरी किल्डॉल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९७०च्या दशकात आपल्या ‘सी.पी./एम.’ या प्रणालीसाठी प्रथम योजला. आजच्या यंत्रांत बायोसची जागा ‘यू.ई.एफ.आय.’ नावाच्या विस्तृत रचनेने घेतली आहे. बोलीत मात्र तिलाही आपण बायोसच म्हणतो.

हा बायोस पहिली गोष्ट करतो ती हजेरी घेण्याची. प्रोसेसर, स्मृती म्हणजे रॅम, चित्र उमटवणारे कार्ड, कीबोर्ड आणि साठवणीच्या डिस्का यांना तो हाका मारतो. तपशिलाचा क्रम यंत्रागणिक थोडाफार बदलतो. परंतु रॅम आणि चित्र यांची तपासणी आधी आणि डिस्कांची नंतर, हे सर्वसाधारण सूत्र कायम आहे. या सूत्राचे महत्त्व फार आहे. पडद्यावर अक्षरे उमटली याचाच अर्थ असा, की वीज, प्रोसेसर, रॅम आणि चित्र एवढी मंडळी निदान हाकेला ओ देण्याइतकी ठीक आहेत. संशयितांची यादी तेथेच अर्धी होते.

हजेरीपटाचा इतिहासही मनोरंजक आहे. १९८१च्या त्या पी.सी.मध्ये रॅम किती आणि फ्लॉपीची उपकरणे किती, हे मदरबोर्डवरील चिमुकल्या खटक्यांनी यंत्राला सांगावे लागे. १९८४ मध्ये आलेल्या ‘पी.सी. ए.टी.’मध्ये ही नोंद एका छोट्या स्मृतीत गेली आणि वीज बंद असताना ती जपण्याचे काम एका सेलकडे आले. पुढे कित्येक वर्षे हार्ड डिस्कची मापेसुद्धा हाताने टिपावी लागत. आज यंत्र बहुतेक वस्तू स्वतः ओळखते. तथापि त्या सेलचे महत्त्व संपलेले नाही. त्याच्याकडे आपण पुन्हा येऊच.

यंत्राची भाषा

गैरहजेरी कळवण्याच्या यंत्राच्या रीती तीन आहेत. जेव्हा चित्रच उमटू शकत नाही, तेव्हा ते आवाजाने बोलते. आय.बी.एम.च्या मूळ पी.सी.त एक आखूड ‘पीं’ म्हणजे सर्व कुशल. अमेरिकन मेगाट्रेंड्सच्या जुन्या बायोसमध्ये तीन आवाज रॅमकडे आणि आठ आवाज चित्राच्या कार्डाकडे बोट दाखवत. अवॉर्डच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड आवाज म्हणजे चित्राची तक्रार. या सांकेतिक भाषा निर्मात्यागणिक वेगळ्या आहेत. म्हणून आवाज मोजावेत, कागदावर लिहावेत आणि आपल्याच मदरबोर्डच्या पुस्तिकेत त्यांचा अर्थ पाहावा. शेजाऱ्याच्या संगणकाचा अर्थ आपल्या संगणकाला लावू नये.

दुसरी रीत दिव्यांची. अलीकडच्या पुष्कळशा मदरबोर्डांवर चार बारीक दिवे असतात. प्रोसेसर, रॅम, चित्र आणि आरंभाची डिस्क अशी त्यांची नावे बोर्डवरच इंग्रजीत छापलेली असतात. हजेरी जेथे अडली, तेथला दिवा पेटून राहतो.

तिसरी रीत अक्षरांची. जुन्या आय.बी.एम. यंत्रांवर नुसते आकडे येत. २०१ म्हणजे रॅम, ३०१ म्हणजे कीबोर्ड, ६०१ म्हणजे फ्लॉपी आणि १७०१ म्हणजे हार्ड डिस्क. नंतर पूर्ण वाक्ये आली. त्यांतले ‘कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ कळ दाबा’ हे वाक्य जगभर विनोदाचा विषय झाले आहे. जे गैरहजर असतील त्यांनी हात वर करावेत, असे मास्तरांनी म्हणावे तसाच हा प्रकार. पण त्या वाक्याचेही मोल आहे. बिचारे यंत्र निदान कोण आले नाही ते नावानिशी सांगते आहे.

यावरून पहिला नियम निघतो. संदेश आला की काहीही दाबण्यापूर्वी तो अक्षरशः लिहून घ्यावा किंवा मोबाईलने त्याचे छायाचित्र काढावे. ‘काहीतरी एरर आली’ हे निदान नव्हे. ‘डिस्क सापडली नाही’ आणि ‘डिस्क सापडली, पण तिच्यावर प्रणाली नाही’ ही दोन वाक्ये ऐकायला सारखी वाटतात. त्यांचे उपाय मात्र अगदी भिन्न आहेत.

उघडण्यापूर्वीची शिस्त

दुसरा नियम असा, की ‘कालपासून काय बदलले?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा. नवी रॅम बसवली का? दिवाळीच्या साफसफाईत संगणक हलवला का? रात्री वीज गेली होती का? आपल्यापैकी अनेकांच्या नोकऱ्या बदलीच्या आहेत. सामान ट्रकमधून हजार-बाराशे किलोमीटर आले, तर त्या हादऱ्यांनी चित्राचे जड कार्ड किंवा रॅमची पट्टी खाचेत किंचित सैल झालेली असणे अगदी स्वाभाविक आहे. समुद्रकाठच्या दमट शहरांत धातूच्या टोकांवर पातळ थर चढतो. राजस्थानात बारीक धूळ खाचांत शिरते. प्रत्येक गावचे पाणी वेगळे, तसे प्रत्येक गावचे बिघाडही थोडेसे वेगळे.

तिसरा नियम सुरक्षिततेचा आहे आणि त्यात सवलत नाही. संगणक बंद दिसला तरी प्लग भिंतीत असेतो मदरबोर्डमध्ये थोडी वीज जागी असते. म्हणून प्लग काढावा, मग संगणकाचे बटण काही सेकंद दाबून धरावे, आणि त्यानंतरच झाकण उघडावे. आतल्या भागाला हात लावण्यापूर्वी सांगाड्याच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज निघून जाते. वीजपुरवठ्याचा डबा मात्र घरी कदापि उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यात धोकादायक दाब साठून राहतो. आणि घराचे अर्थिंग नीट आहे ना, हे एकदा तरी तारतंत्र्याकडून तपासून घ्यावे.

चौथा नियम म्हणजे एका वेळी एकच बदल. रॅम काढली, तार बदलली, सेल बदलला आणि मग बटण दाबले, तर संगणक सुरू झाला तरी कशामुळे झाला हे कळत नाही. पुढच्या वेळी आपण पुन्हा अंधारातच.

कोण गैरहजर आहे?

आता एकेका सभासदाची विचारपूस करू.

बटण दाबून दिवा, पंखा, आवाज काहीच नसेल, तर प्रथम भिंतीतले सॉकेट दुसऱ्या उपकरणाने तपासावे, मग यू.पी.एस. वगळून पाहावे आणि डब्याच्या मागचा छोटा खटका पाहावा. साफसफाईनंतर तो खटका बंद राहिल्याची उदाहरणे थोडी नाहीत. पंखा क्षणभर फिरून थांबत असेल, किंवा पंखे फिरूनही पुढे काहीच घडत नसेल, तर मदरबोर्डला मिळणाऱ्या विजेच्या दोन्ही जोडण्या पाहाव्यात. एक २४ टोकांची मोठी असते. दुसरी ४ किंवा ८ टोकांची, फक्त प्रोसेसरसाठी. ही दुसरी जोडणी विसरली जाते किंवा अर्धवट बसते.

पंखे फिरतात पण पडदा काळा, ही तक्रार सर्वांत अधिक आढळते. येथे मॉनिटरची तार आधी पाहावी. चित्राचे स्वतंत्र कार्ड असलेल्या संगणकात ती तार कार्डालाच जोडायला हवी. ती चुकून मदरबोर्डच्या छिद्रात गेली, तर सारे कुशल असूनही पडदा अंधाराच राहू शकतो. त्यानंतर पाळी रॅमची. दोन पट्ट्या असतील तर दोन्ही काढाव्यात, सोनेरी कडा लिंट नसलेल्या कापडाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलकेच पुसाव्यात, पूर्ण वाळू द्याव्यात आणि पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत एकच पट्टी बसवून पाहावी. खाचेची कडी ‘कट्’ आवाज करून बंद झाली पाहिजे. मग दुसरी पट्टी त्याच खाचेत. एकीने चालते आणि दुसरीने अडते, तर दोषी सापडला. दोन्हींनी एका खाचेत अडते आणि दुसऱ्या खाचेत चालते, तर दोष खाचेचा. अशी साधी अदलाबदल महागड्या उपकरणांच्या तोडीचे निदान देते. डी.डी.आर.-५ जातीची नवी रॅम बसवल्यावर मात्र पहिल्या आरंभाला यंत्र तिची पारख करण्यात काही मिनिटेही घालवते. तेवढा वेळ पडदा काळा राहतो. घाईने वीज तोडू नये.

एवढ्याने भागले नाही, तर यजमान आणि पाहुणे वेगळे करावेत. प्रिंटर, पेन ड्राइव्ह, वेबकॅम, जादा डिस्का अशी सारी पाहुणेमंडळी बाजूला काढून मदरबोर्ड, प्रोसेसर, एक रॅम आणि चित्र एवढ्यांवरच यंत्र सुरू करून पाहावे. सुरू झाले की एकेक पाहुणा परत बोलवावा. ज्याच्या येण्याने पुन्हा अडते, त्याची चौकशी करावी. बिघडलेली एखादी पेन ड्राइव्ह सगळी हजेरी अडवून धरू शकते.

आता सेलकडे येऊ. ‘सी-मॉस चेकसम एरर’ किंवा ‘तारीख व वेळ चुकीची’ असा संदेश येत असेल, तर मदरबोर्डवरील रुपयाच्या नाण्याएवढा सेल संपल्याची दाट शंका घ्यावी. बहुतेक घरगुती संगणकांत तो ‘सीआर-२०३२’ असतो. नावातच त्याचे माप आहे. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, दाब ३ व्होल्ट. प्लग भिंतीत असताना घड्याळाला मुख्य विजेचा आधार असतो. प्लग काढला की सारा भार सेलवर पडतो. म्हणूनच मे महिन्यात आपण मेन स्विच बंद करून गावी जातो आणि परत आल्यावर संगणक कित्येक वर्षे मागची तारीख दाखवतो. ती तारीख तशीच राहिली, तर पुढे बँकेची संकेतस्थळे उघडतानाही सुरक्षिततेच्या सूचना येऊ लागतात, आणि मंडळी इंटरनेटवाल्याला फोन करतात! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पण सेलचा खरा उपद्रव आणखी खोल आहे. काही यंत्रांत त्याच्याबरोबर हजेरीपटावरच्या नोंदीही मूळ स्थितीला जातात. कोणत्या डिस्कवरून आरंभ करायचा, डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचे, जुन्या बायोसच्या रीतीने चालायचे की यू.ई.एफ.आय.च्या, या नोंदी बदलल्या, की तारीख लावूनही संगणक ‘आरंभाची डिस्क नाही’ असे म्हणतो. घरची मंडळी डिस्क गेली असे समजून नवी आणतात. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. साधारण दोन अंकी रुपयांच्या सेलमुळे काही हजारांची डिस्क बदलली जाते, आणि जुनीतली छायाचित्रे तीबरोबर कचऱ्यात जातात. यासाठी संगणक चांगला चालू असतानाच त्याच्या बायोसमधील पानांची मोबाईलवर छायाचित्रे काढून ठेवावीत. आरंभी ‘डिलीट’ किंवा ‘एफ-२’ कळ दाबत राहिले, की बहुधा ती पाने उघडतात. हा पाच मिनिटांचा उद्योग पुढे पाच दिवस वाचवतो.

डिस्क गैरहजर असेल तेव्हा

सर्वांत नाजूक प्रसंग हाच. ‘आरंभाची डिस्क सापडत नाही’ असा संदेश आला, तर प्रथम सर्व पेन ड्राइव्ह काढून पुन्हा सुरू करावे. पूर्वी फ्लॉपी आत राहिली की हाच घोटाळा होई. तरीही संदेश आला, तर बायोसच्या पानावर जाऊन एकच गोष्ट पाहावी. डिस्कचे नाव तेथे दिसते का?

नाव दिसत असेल, तर डिस्क निदान हाकेला ओ देते आहे. दोष बहुधा आरंभाच्या क्रमात, नोंदीत किंवा डिस्कवरील प्रणालीच्या फायलींत असतो. आपली कागदपत्रे पुष्कळदा सुखरूप असतात. नाव दिसत नसेल, तर आधी वाट तपासावी. माहितीची तार दोन्ही टोकांना दाबून पाहावी, मग बदलून पाहावी. मदरबोर्डवरील दुसऱ्या छिद्रात लावावी. विजेचे दुसरे टोक जोडावे. २००३ पूर्वीच्या रुंद पट्टीच्या तारा असलेल्या यंत्रांत एकाच तारेवरच्या दोन्ही डिस्का ‘मालक’ म्हणून नेमल्या गेल्या, तर दोन्ही अदृश्य होऊ शकत. आजही त्या भांडणाचा एक वंशज आहे. काही मदरबोर्डांवर एम-२ जातीची नवी पट्टी बसवली, की ठरावीक जुनी छिद्रे आपोआप बंद होतात. पुस्तिकेत ते लिहिलेले असते. एक इशारा येथेच देतो. एका वीजडब्याच्या सुट्या तारा दुसऱ्या डब्याला कधीही लावू नयेत. टोके सारखी दिसतात, आतली रचना भिन्न असू शकते, आणि चांगली डिस्क क्षणात जळू शकते.

आता थांबावे कोठे, हे सांगणे सर्वांत महत्त्वाचे. फिरत्या तबकडीच्या डिस्कमधून ‘टक्-टक्’ असा नियमित आवाज येत असेल, तर वीज तोडावी आणि पुन्हा सुरू करू नये. प्रत्येक नव्या प्रयत्नाने आतील तबकडीवर ओरखडे वाढण्याचा संभव असतो. आतली माहिती अनमोल असेल, तर ती केवळ माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच न्यावी. डिस्क कधी दिसते, कधी दिसत नाही अशी स्थिती असेल, तर ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी दुसरे काहीही न करता पुन्हा न मिळणाऱ्या वस्तूंची नक्कल आधी करावी. ‘स्मार्ट स्टेटस बॅड’ असा इशारा आला तर तोही डिस्कने स्वतः दिलेला निरोप समजावा. ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ अशी विनवणी पडद्यावर आली, तर तिला नकार द्यावा. दुकानात देतानाही पावतीवर लिहून घ्यावे, की आमच्या परवानगीवाचून डिस्कवरील काहीही पुसू नये.

आणखी एक नवी अडचण. आजच्या अनेक संगणकांत डिस्कवरील माहिती कुलूपबंद असते, आणि त्या कुलुपाची खूण मदरबोर्डमधील सुरक्षेच्या चिपशी बांधलेली असते. विंडोजमध्ये या कुलुपाला ‘बिटलॉकर’ म्हणतात. मदरबोर्ड बदलला, बायोस अद्ययावत केला किंवा काही नोंदी बदलल्या, की संगणक अचानक ४८ अंकांची किल्ली मागतो. ती किल्ली नसेल, तर डिस्क ठणठणीत असूनही आपल्याच पेटीपुढे आपण परके ठरतो. म्हणून संगणक चालू असतानाच ती किल्ली शोधून कागदावर उतरवून घ्यावी आणि घरच्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावी.

दूरच्या घराची विचारपूस

आपल्यापैकी कित्येकांचे आईवडील आजही गावी असतात, आणि नातवंडांचे मुख दाखवणारा त्यांचा संगणक बिघडला की फोन आपल्याला येतो. अशा वेळी घाईघाईने सूचनांचा भडिमार करू नये. ‘बाबा, पडद्यावर जे लिहिले आहे ते अक्षर न अक्षर वाचून दाखवा’ असे म्हणावे. इंग्रजी वाचायला अडचण असेल, तर छायाचित्र मागवावे. मग ठरलेल्या क्रमाने प्रश्न विचारावेत. दिवा लागतो का? पंख्याचा आवाज येतो का? किती वेळा ‘पीं’ वाजले? मागे पेन ड्राइव्ह लावलेली आहे का? गेल्या आठवड्यात पाऊस, वीज, साफसफाई, असे काही झाले का? वृद्ध माणसांना झाकण उघडायला सांगू नये. परंतु एवढ्या उत्तरांवरूनही तालुक्याच्या गावच्या कारागिराला नेमके काम सांगता येते, आणि त्यालाही भलतेच काही बदलण्यास वाव राहत नाही. हे प्रश्न एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या टेबलापाशी चिकटवून ठेवावेत. पुढच्या वेळी फोन येईल तो उत्तरांसह येईल.

शेवटी, सगळी विद्या वापरूनही काही डिस्का खरोखरच जातात. त्यांचे आयुष्य मर्यादित आहे आणि त्यावर उपाय एकच, वेळीच केलेली नक्कल. आपली परिस्थिती या बाबतीत सोयीची आहे. आपली दोन घरे आहेत, एक येथे आणि एक गावी. एक प्रत येथील कपाटात ठेवावी, दुसरी गावी जाताना बरोबर न्यावी आणि वर्षातून एकदा ती उघडून सारे वाचता येते ना, हे पाहावे. मंडळाच्या पन्नास वर्षांच्या इतिवृत्तांसाठीही कार्यकारिणीने हाच प्रघात सुरू करावा, अशी माझी नम्र सूचना आहे. इतिवृत्तांच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या सभासदांच्या घरी असाव्यात आणि नव्या कार्यकारिणीने पदभार घेताना त्या तपासून घेतल्याची नोंद करावी.

 ज्यांना आपल्या संगणकाबद्दल काही विचारायचे असेल, त्यांनी चहापानाच्या वेळी अवश्य विचारावे. मात्र पडद्यावर काय लिहिले होते, ते आठवून यावे.

नमस्कार.